रक्ताची ओळख

प्राणिघरात काम करायचं तर एक नियम पाळायचा, असं वहिनींचा नवरा सांगत असे. जनावराला नाव ठेवायचं नाही. मग हसून पुढे म्हणे, "आणि नावंही ठेवायची नाहीत." पिंजरा घाण केला, बोट चावलं, पाण्याची बाटली सांडली, तरी तोंडातून वेडावाकडा शब्द काढायचा नाही. कानावर गोंदलेला आकडा वाचायचा, गवत टाकायचं आणि पुढच्या पिंजऱ्याकडे जायचं.

तो गेल्यावर त्याच्या जागी त्या लागल्या. त्याला सगळे भाऊ म्हणत, म्हणून या आपोआप वहिनी झाल्या. प्रयोगशाळेतल्या मॅडमच्याही आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्याही. नियमाचा दुसरा भाग त्यांनी मनापासून पाळला. पहिला त्यांना जमला नाही.

झालं असं, की मॅडमच्या कामासाठी सशाच्या दोन पांढऱ्या माद्या आल्या. शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत ठेवल्या तर दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत. एकीला आधी गवत टाकलं की दुसरी मागचा पाय जोरानं आपटे. वहिनी म्हणाल्या, "या काय जावाजावा आहेत का?" तेव्हापासून एक थोरली आणि एक धाकटी. हे काही नाव नव्हे, हे नातं आहे, अशी वहिनींनी स्वतःची समजूत घातली आणि मनातल्या मनात नवऱ्याची माफी मागितली.

मॅडम वयानं वहिनींपेक्षा लहान, पण केस अर्धे पांढरे झालेले. कामाचं कोणालाही समजावून सांगायची त्यांना हौस होती. एकदा धाकटीला टोचायला आल्या तेव्हा वहिनींनी तिला मांडीवर टॉवेलात गुंडाळून धरलं होतं. वहिनींनी विचारलं, "हे नक्की कशासाठी हो मॅडम?"

"पुरुषाच्या बीजात शुक्राणू असतात ना, त्यांना शेपटी असते," मॅडम म्हणाल्या. "त्या शेपटीत एक प्रथिन असतं. ते असलं तर शेपटी हलते आणि शुक्राणू पुढे जातो. नसलं तर बिचारा जागच्या जागी. काही जोडप्यांना मूल होत नाही त्याचं कारण हे असू शकतं. पण ते प्रथिन आहे की नाही, हे नुसतं बघून कळत नाही. ते दाखवून देणारं काहीतरी हवं. त्याला म्हणतात अँटिबॉडी. ती ही बनवणार."

"ही? धाकटी?"

"हिचं रक्त. आपण तिला ते प्रथिन थोडं थोडं टोचतो. मादीच्या अंगात ते कधी नसतंच, त्यामुळे रक्ताला नवं असतं. मग रक्त त्याला ओळखायला शिकतं. एकदा ओळख पक्की झाली, की हे रक्त शुक्राणूंवर घातलं तर बरोबर शेपटीला जाऊन धरतं. दुसरीकडे कुठेही नाही."

रक्त ओळखायला शिकतं. हे वाक्य वहिनींना इतकं आवडलं, की त्या दिवशी घरी जाऊन संध्याकाळचा दिवा लावतानाही ते त्यांच्या मनात होतं.

थोरली मधेच पोट फुगून गेली. तिच्या रक्तात तसंही फारसं काही उतरलं नव्हतं. धाकटीचं मात्र उतरलं. कानाच्या कडेच्या शिरेतून घेतलेल्या थोड्याशा रक्तावर मॅडमनी पहिली तपासणी केली, आणि वहिनींना वर प्रयोगशाळेत बोलावून सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं.

"एक डोळा मिटू नका. दोन्ही उघडे ठेवा. दिसतंय?"

आधी नुसता काळोख दिसला. मग त्यात हिरव्या दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे विखुरलेले दिसले, जसं कोणी शिवण उसवून टाकलीय. डोकी दिसत नव्हती. रक्तानं जिथे धरलं तिथेच चमकणारा रंग मॅडमनी घातला होता, त्यानं नुसत्या शेपट्या उजळल्या होत्या.

"हे धाकटीनं केलं?"

"धाकटीनंच."

वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग डोळे न काढताच त्यांनी विचारलं, "हे पूर्वी होतं का मॅडम? म्हणजे आमच्या वेळेला?"

"नव्हतं," मॅडम म्हणाल्या.

वहिनींना मूल नव्हतं. सासूबाई असेपर्यंत म्हणायच्या, "बी आमचं चांगलंच आहे, जमिनीचं बघा." भाऊ अशा वेळी उठून बाहेर जात. कोणाचं काय आहे हे तपासायला त्या दोघांपैकी कोणीच गेलं नाही. वहिनींनी उपास केले, व्रतं केली, पहाटे उठून नामस्मरण केलं. एका वयानंतर देवापुढे मागणं त्यांनी सोडलं, बसणं मात्र सोडलं नाही.

धाकटीचं रक्त चांगलं निघालं याचा आनंद त्यांना दोनच आठवडे पुरला. मग मॅडम पिंजऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि जाळीतून बोट घालून धाकटीचं कपाळ खाजवत म्हणाल्या, "शेवटचं रक्त आता घ्यावं की थोडं थांबावं, माझं ठरत नाहीये वहिनी."

शेवटचं रक्त म्हणजे काय, हे प्राणिघरात सांगावं लागत नाही. जनावराला झोपेचं इंजेक्शन द्यायचं आणि मग सगळं रक्त काढून घ्यायचं. त्या झोपेतून ते उठत नाही.

"कानातूनच थोडं थोडं घेत राहिलं तर?" वहिनींनी विचारलं. "ती काही कुरकुर करत नाही. मी धरते की."

"दर वेळचं रक्त थोडं वेगळं उतरतं. सगळ्या तपासण्या एकाच रक्तावर व्हायला हव्यात, आणि त्या खूप आहेत. कानातून किती मिळणार?" मॅडमनी जाळीतून बोट काढून घेतलं. "तरी घाई नको असंही वाटतं. स्लाइडवरचे शुक्राणू मेलेले असतात. जिवंत, पळत्या शुक्राणूलाही हे रक्त धरतं का, ते मला अजून माहीत नाही. माणसांचे ताजे नमुने मिळायला परवानगी हवी, ती अडकून पडलीय. धरत नसेल तर हिला आणखी काही महिने टोचायचं. धरत असेल तर मग थांबण्यात अर्थ नाही."

वहिनींनी या बोलण्यातून एवढंच घेतलं, की आज ना उद्या. त्या रात्रीचं जेवण त्यांना गेलं नाही. धाकटीसाठी आपण काय करू शकतो याचा त्या विचार करत होत्या, तेव्हा त्यांना जनावरांच्या डॉक्टरांचं बोलणं आठवलं.

हे डॉक्टर आठवड्यातून दोनदा तपासणीला येत. मोठा आवाज, मोठं पोट आणि तोंडात सतत थट्टा. पैदाशीच्या खोलीत एक करडा नर होता, त्याला ते जावईबापू म्हणत. कारण तो कामापुरता उठे आणि बाकी वेळ खाऊन पडे. "वहिनी, जावईबापूंना गवत निवडून घाला हं, रुसतील," असं जाता जाता सांगत. याच डॉक्टरांनी पूर्वी एकदा एका तरुण संशोधकाला सर्वांसमोर झापलं होतं. गाभण मादीला सुई लावायची नाही, पिल्लं दूध तोडेपर्यंत तिच्या पिंजऱ्याला हातही लावायचा नाही, आणि एकदा व्यायली की ती पैदाशीच्या खोलीत जाते, प्रयोगात परत येत नाही, हा इथला कायदा आहे, असं ते म्हणाले होते.

वहिनींना वाट सापडली. शिवाय त्यांना वाटलं, दुसऱ्या एखाद्या मादीचं एक वेळ हुकेल, पण धाकटीचं हुकायचं कारणच नाही. तिच्या रक्ताची तर ओळख आहे. ओळखीचं माणूस दारात आलं तर आपण त्याला आत घेतो, बसा म्हणतो, पाणी देतो. ज्याची ओळख पटावी म्हणून मॅडमनी इतके महिने सुया टोचल्या, त्यालाच तिचं अंग परतवून कसं लावेल?

रविवारी प्राणिघरात त्या एकट्याच असत. सकाळचं गवत-पाणी झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि डोळे मिटून एवढंच म्हटलं, "देवा, चुकत असेल तर माझ्या पदरात घाल, तिच्या नको." मग धाकटीला काखेत घेऊन त्या पैदाशीच्या खोलीत गेल्या. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला मादीच्या नाही, नाहीतर ती त्याला फाडून खाते. हे त्यांना भाऊंनी शिकवलं होतं. धाकटीला आत सोडून त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. सशांचं सगळं आटोपायला वेळ लागत नाही. धप्प असा आवाज आला. वळून पाहिलं तर जावईबापू एका अंगावर कलंडले होते आणि धाकटी काहीच न घडल्यासारखं तोंड पुसत होती.

"अवघड गं बाई तुझं," वहिनी तिला म्हणाल्या आणि परत घेऊन आल्या.

त्यानंतर वहिनी रोज तिच्याकडे निरखून बघू लागल्या. धाकटी जास्त खाऊ लागली. आधी पिंजऱ्याचं दार उघडलं की पुढे येई, आता कोपऱ्यात बसून गुरगुरे. वहिनींच्या हातावर तिनं एकदा पंजाही मारला. वहिनींना रक्त आलं, तरी त्यांना बरं वाटलं. "मार, मार," त्या म्हणाल्या. "आता तुझेच दिवस आहेत."

मग एका सकाळी धाकटी तोंडात गवताची मोठी जुडी आडवी धरून पिंजऱ्यात फिरताना दिसली. आडव्या गवतामुळे तिला मिशा फुटल्यासारख्या दिसत होत्या. तिनं ती जुडी कोपऱ्यात नेऊन दाबली, परत आली, दुसरी उचलली. दुपारपर्यंत वाटीसारखं घरटं झालं. मग ती खाली मान घालून स्वतःच्या छातीचे केस दातांनी उपटू लागली. पांढरे मऊ पुंजके ओढून काढायचे आणि घरट्यात अंथरायचे. तिची छाती उघडी, गुलाबी दिसू लागली.

वहिनी पाण्याची बादली तशीच ठेवून खाली बसल्या. त्यांना त्यांची स्वतःची एक जुनी चादर आठवली. लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचे दिवस लांबले होते. मळमळत होतं, आंबट हवंसं वाटत होतं. त्यांनी कोणालाही न सांगता घरातली सर्वांत मऊ चादर काढून तिचे चौकोनी तुकडे केले, कडा दुमडून शिवल्या आणि पेटीत तळाशी ठेवल्या. मग एके दिवशी सगळं नेहमीसारखं झालं. भाऊंनी पुढे कधीतरी ते तुकडे पाहिले. त्यातला एक घेऊन सायकल पुसली, आणि मग सायकलीपाशीच खाली बसून रडले.

मॅडम दुसऱ्या दिवशी आल्या त्या रक्त घ्यायची छोटी नळी घेऊनच. पिंजऱ्यापाशी येताच थबकल्या.

"हे काय आहे वहिनी?"

"गाभण आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे सगळंच सांगून टाकलं. "मी नर दाखवला. रविवारी. तुम्ही तिला नेऊ नये म्हणून."

मॅडम जवळच्या स्टुलावर बसल्या. त्या रागावतील असं वहिनींना वाटलं होतं. पण त्या नुसत्या घरट्याकडे बघत होत्या.

"मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. मग मला करता आलं नसतं."

मॅडमना यावर हसू आलं आणि लगेच मावळलं. त्यांनी फोन करून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर नेहमीप्रमाणे दारातूनच बोलत आले, "काय ऐकतोय मी? जावईबापूंनी परस्पर घरोबा केला म्हणे." त्यांनी धाकटीला टेबलावर घेतलं, एका हातानं खांदा धरला आणि दुसरा हात पोटाखाली घालून बोटांनी हळूहळू चाचपायला सुरुवात केली. एकदा चाचपलं. परत चाचपलं. थट्टा बंद झाली.

"रिकामी आहे," ते म्हणाले.

"नीट बघा ना डॉक्टर. लहान असतील अजून."

"एव्हाना द्राक्षासारखी हाताला लागतात, वहिनी. काही नाहीये."

"मग घरटं? केस काढलेत तिनं स्वतःचे."

"खोटी गाभण म्हणतात याला. सशांत होतं असं. नर लागला, की अंगाला वाटतं राहिलं. तेवढे दिवस अंग सगळं तसंच वागतं. घरटंसुद्धा करतं. दोन दिवसांनी तिची तीच विसरेल."

"मग नरातच काही खोट असेल."

डॉक्टरांनी मान हलवली. "त्याच आठवड्यात पैदाशीच्या दोघींना तोच दाखवला होता. दोघी भरल्यात."

मॅडम हळूच म्हणाल्या, "माणसाचं आणि सशाचं ते प्रथिन जवळजवळ सारखंच आहे." हे त्या कोणाला सांगत नव्हत्या. मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"म्हणजे काय मॅडम?"

"एकदा राहिली नाही, यावरून काही सिद्ध होत नाही. पण…"

"सांगा तुम्ही. मी ऐकते."

"तिच्या रक्तानं अडवलं असेल त्यांना."

"पण ओळख होती ना," वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात. तिचं रक्त त्यांना ओळखतं."

मॅडमना तेव्हा कळलं, की वहिनींनी काय धरलं होतं. त्या उठून वहिनींच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रक्ताची ओळख वेगळी असते वहिनी. ते परक्याला ओळखतं. आणि ओळखलं की धरून ठेवतं, पुढे जाऊ देत नाही. आजारपणात आपण त्याच्यावरच तर वाचतो. माझंच चुकलं, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

वहिनींनी धाकटीला टेबलावरून उचललं. ती अंग आक्रसून त्यांच्या हातातून सुटायला बघत होती, घरट्याकडे जायला. त्यांनी तिला पिंजऱ्यात सोडलं. तिनं वाकून सगळं जागच्या जागी आहे ना ते हुंगलं आणि आणखी एक पुंजका उपटला.

त्या दुपारी मॅडमनी एक काम केलं, जे आपल्याला आधी सुचायला हवं होतं असं त्या स्वतःच म्हणाल्या. डॉक्टरांनी जावईबापूंचा ताजा नमुना काढून दिला. जिवंत शुक्राणूंचे दोन थेंब घेतले. एकावर कधीच न टोचलेल्या सशाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी, घातलं, दुसऱ्यावर धाकटीचं. पहिल्या थेंबात पावसाच्या डबक्यातल्या किड्यांसारखी धावपळ चालू होती. दुसऱ्यात सगळे जागच्या जागी. काही एकमेकांच्या शेपट्यांत अडकून नुसते थरथरत होते.

आता शंका उरली नव्हती, आणि थांबायला कारणही.

हे सांगायला मॅडम स्वतः खाली आल्या. वहिनी ट्रे घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला.

"म्हणजे मी नर दाखवला नसता तर तुम्ही अजून काही महिने थांबला असतात," त्या म्हणाल्या.

मॅडमनी खोटं सांगायचा प्रयत्न केला नाही. "थांबले असते बहुतेक."

"बरं."

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत वहिनी."

"मुद्दामच केलं," वहिनी म्हणाल्या. "तिच्यासाठी केलं." आणि पुन्हा नळ सोडला. पाण्याच्या आवाजात त्या काहीतरी पुटपुटत होत्या. मॅडमना आधी वाटलं आपल्याला काही म्हणतायत. मग लक्षात आलं, की रोजचं नामस्मरण चाललंय.

ठरल्या दिवशी डॉक्टर आले ते दारातून बोलत आले नाहीत. त्यांनी एकट्या वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही आज रजा घ्या. मी दुसऱ्या कोणाला धरायला सांगतो."

"परक्या हातात ती घाबरते."

"तासाभराचं काम आहे, वहिनी. डोळ्यांसमोर राहतं नंतर."

"राहू दे."

त्यांनी धाकटीला पिंजऱ्यातून काढलं तेव्हा तिच्या तोंडात गवताची जुडी होती. घरट्याचं तिचं वेड अजून उतरलं नव्हतं. डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं आणि जुडी ओढून घ्यायला हात पुढे केला.

"असू द्या," वहिनी म्हणाल्या.

"श्वास अडकेल तिचा."

"तिची तीच सोडेल. तेवढं थांबा."

डॉक्टर थांबले. वहिनींनी एक हात तिच्या छातीखाली घातला. तिथे केस नव्हते, नुसती ऊन ऊन कातडी आणि आत धडधड. इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं कान हळूहळू आडवे झाले, दात ढिले पडले, आणि गवताच्या काड्या एकेक करून वहिनींच्या मनगटावरून टेबलावर घरंगळल्या. त्यांनी वाकून तिच्या कानाशी देवाचं नाव घेतलं. मग डॉक्टरांनी पुढचं केलं. धडधड हाताखाली लागायची थांबली तेव्हाही वहिनींनी हात काढला नाही. डॉक्टरांनीच तो उचलून बाजूला ठेवला.

बाहेरच्या खोलीत मॅडम काचेची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. वहिनी आल्या तशा त्या म्हणाल्या, "यानं बऱ्याच जोडप्यांना कळेल वहिनी. कोणाच्यात काय कमी आहे ते."

"कळू दे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हात पुसले. "आम्हाला नाही कळलं. पण आम्ही ते दोघांत वाटून घेतलं. कळलं असतं, तर कोणा एकाच्या वाट्याला सगळं गेलं असतं. माझ्या किंवा त्यांच्या." हात पुसलेलं फडकं खुंटीला अडकवत त्या म्हणाल्या, "हिच्यात तर काहीच कमी नव्हतं हो मॅडम. शिकवलं तेवढं शिकली."

अशी बाटली हलू द्यायची नसते. रक्त स्वस्थ गोठावं लागतं, तेव्हा वर स्वच्छ सीरम सुटतं. मॅडम मात्र ती या हातातून त्या हातात घेत होत्या. वहिनींनी ती त्यांच्याकडून घेतली, अजून गरम होती, आणि टेबलावर भिंतीकडेला, कोणाचा धक्का लागणार नाही अशी, नीट उभी करून ठेवली.